होडीच्या पंख्यातली नऊवारी

विद्याताई ठकार एखाद्या गोष्टीला पहिल्या झटक्यात ‘बरं’ म्हणाल्या, की आत काहीतरी शिजतंय असं समजावं. वाईतल्या शेजारणींना हे माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, आणि यजमान हयात होते तोवर त्यांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मुलाला. प्रसन्न बारावीनंतर जो घराबाहेर पडला तो पुणं, बंगळूर करत थेट जपानात, ग्योतोकूला येऊन थांबला. या धावपळीत आईचा अभ्यास करायचा त्याचा राहूनच गेला.

त्यामुळे शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, “आई, नदीत साडी टाकायची नाही. आपण होडीतून फेरी मारू, तू हात जोड, विषय संपला,” आणि विद्याताई म्हणाल्या, “बरं,” तेव्हा तो निर्धास्तपणे चहा पीत बसला.

विषय नवसाचा होता. विद्याताई आल्या होत्या सुनेच्या, म्हणजे अस्मिताच्या बाळंतपणाला. बाळंतपण अडलं. अस्मिताला घाईघाईने ऑपरेशनला नेलं आणि दवाखान्याच्या नियमाप्रमाणे आजीच्या वाट्याला बाहेरचा बाक आला. बाकासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बांध, आणि बांधापलीकडे जुनी एदो नदी. भरतीची वेळ होती, त्यामुळे ती चक्क उलटी वाहत होती. विद्याताई कृष्णाकाठी वाढलेल्या. तिकडे नदीला कुणी नुसती नदी म्हणत नाही, माई म्हणतात, आणि घरातल्या थोरल्या बाईशी बोलावं तसं तिच्याशी बोलतात. त्या उठल्या, बांधावर गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “बाई, तुझी माझी ओळख नाही. तुझी भाषाही मला येत नाही. पण आत माझी पोर आहे आणि तिचं बाळ आहे. दोघांना सुखरूप बाहेर काढ. नऊवारीने तुझी ओटी भरीन.”

काही वेळाने प्रसन्न बाहेर धावत आला. तो रडत होता की हसत होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. मुलगी झाली होती. दोघी ठणठणीत होत्या. बारशाला मैत्रेयी नाव ठेवलं.

नऊवारी घरात होतीच. हिरवी इरकल, लाल काठाची, घडी न मोडलेली. विद्याताईंनी ती बारशाला अस्मिताला नेसवायला म्हणून आणली होती. अस्मिता म्हणाली, “आई, टाके आहेत हो,” आणि साडी बॅगेत परत गेली. नवस तयार होता, साडी तयार होती, अडचण होती ती प्रसन्नची. तो महापालिकेचं कचऱ्याचं पुस्तक घेऊन आला. चित्रांसकट होतं.

“कापड गुरुवारी जातं,” तो म्हणाला. “स्वच्छ धुऊन, दोरीने बांधून ठेवायचं.”

“नवस गुरुवारी ठेवायचा? दोरीने बांधून?”

“कापड, आई. कापड.”

“आणि नारळ?”

प्रसन्नने पानं उलटली. “नारळाचं काही दिलेलं नाही. बहुतेक जळाऊ कचरा.”

विद्याताईंनी मुलाकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने पुस्तक मिटलं. पण मुद्दा सोडला नाही. इथे नदीत काही टाकलं तर दंड होतो, वर बाहेरच्या देशातून आलेल्या माणसाने टाकलं तर सगळ्या इमारतीला त्याबद्दल काहीतरी वाटतं, आणि इथलं वाटणं दंडापेक्षा महाग पडतं. तोही खोटं बोलत नव्हता. पण विद्याताईंचा व्हिसा संपत आला होता, रविवारचं विमान होतं, आणि त्या नवस फेडल्याशिवाय समुद्र ओलांडायला तयार नव्हत्या. ज्या पोरीसाठी शब्द दिला ती तर इथेच राहणार होती, त्याच नदीच्या काठी. देणेकऱ्याने विमानात बसायचं आणि जामीन म्हणून पाळण्यातलं बाळ मागे ठेवायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

म्हणून ‘बरं’.

होडी एका कालव्याच्या धक्क्यावरून सुटायची, कालव्यातून नदीच्या तोंडापर्यंत जायची आणि वळून परत यायची. चालवणारी बाई होती, हारा-सान. सत्तरीच्या पुढची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला टॉवेल, कमरेला निळा एप्रन. उतारू मोजकेच. एक म्हातारं जोडपं, पक्ष्यांचे फोटो काढणारे एक टोपीवाले गृहस्थ, प्रसन्न, आणि सहावारीवर केशरी लाइफ जॅकेट घातलेल्या विद्याताई. त्यांनी मुद्दाम अगदी मागची जागा धरली. मांडीवर कापडी पिशवी होती. प्रसन्नने विचारलं, “यात काय आहे?” त्या म्हणाल्या, “खायचं.” हे अर्धं खरं होतं. निघताना स्टेशनजवळच्या कोंबिनीतून, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेले भाताचे दोन त्रिकोणी गोळे वरच दिसत होते.

कालवा दोन्ही बाजूंनी सिमेंटने बांधलेला होता. दोन्हीकडे घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, कुंड्या. हारा-सान माईकवरून माहिती सांगत होती. जोडपं दर वाक्याला ‘हो—’ म्हणत होतं. प्रसन्न पुढे वाकून पूल बघत होता. विद्याताईंनी आधी मूठभर तांदूळ पाण्यावर सोडले. कुठूनतरी बदकं आली आणि त्यांनी नवसाचा तेवढा भाग तत्काळ स्वीकारला. मग हळद-कुंकू. मग नारळ. तो अलगद बुडाला, वर आला आणि शहाण्या उतारूसारखा होडीच्या मागोमाग निघाला. शेवटी त्यांनी साडीची घडी मोडली.

“घे बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “बोलले तसं दिलं.”

साडी पाण्यावर उलगडत गेली. ऊन होतं, हिरवा रंग भिजून गडद झाला, लाल काठ लांबवर पसरला. एक क्षणभर सबंध कालवा नऊवारी नेसल्यासारखा दिसला. विद्याताईंचे डोळे भरून आले. पुढच्याच क्षणी साडीला हिसका बसला आणि ती आत ओढली गेली. नदीने इतक्या हौसेने ओटी घेतलेली त्यांनी वाईतसुद्धा पाहिली नव्हती.

मग इंजिन खोकलं. गुरगुरलं. आणि गप्प झालं.

होडी वाहत जाऊन तिरकी झाली. हारा-सानने शांतपणे लांब आकडा काढून काठाचा कठडा धरला, होडी दोराने बांधली, माईक तोंडाशी घेतला आणि दोन फुटांवर बसलेल्या पाच माणसांना त्यावरून सांगितलं की पंख्यात काहीतरी अडकलं आहे, वेळ जाईल, त्याबद्दल ती अत्यंत दिलगीर आहे. जोडप्याने मान लववून तिची दिलगिरी स्वीकारली. टोपीवाल्यांनीही लववली. प्रसन्नने मात्र मागे वळून आईकडे पाहिलं. आई पाण्याकडे बघत होती. पिशवीचा फुगवटा गेला होता.

“आई.”

“काय रे?”

“आई, साडी कुठाय?”

उत्तर द्यायची गरज पडली नाही. हारा-सानने मागे येऊन इंजिन कलतं करून पाण्याबाहेर उचललं आणि पंखा वर आला. तो नऊवारी नेसला होता. नेसणं बेताचं, पण घट्ट. कासोटा मागे खेचून घेतलेला, लाल काठ पात्यांवरून आडवा आणि पदराचं टोक पाणी गाळत लोंबतंय.

“हो—” जोडपं म्हणालं.

प्रसन्नला ऑफिसात तीन दर्जांच्या माफ्या शिकवल्या होत्या. सिस्टिम हळू चालली तर एक, बंद पडली तर दुसरी, आणि क्लायंटचा सगळा डेटा उडाला तर तिसरी. त्याने सरळ तिसरीपासून सुरुवात केली. तो कमरेत इतका वाकला की होडी त्याच्या बाजूला कलली. हारा-सानने त्याला थांबवण्यासाठी उलट माफी मागितली. तिचं म्हणणं असं की तिच्या पंख्याने बाईंचं वस्त्र ओढून नेलं, हे फार वाईट झालं. मागे बसणाऱ्यांचे कपडे नीट आत घ्यायला सांगणं तिचं काम होतं. प्रसन्नकडे तिसरीच्या वरची माफी नव्हती. तो नुसताच घामाघूम झाला.

“काय म्हणतेय ती?” विद्याताईंनी विचारलं.

“तुझी माफी मागतेय.”

“कशाबद्दल?”

“तुझी साडी वाऱ्याने उडून पडली असं तिला वाटतंय.”

“मग तसंच राहू दे,” विद्याताई म्हणाल्या.

हारा-सानने एप्रनच्या खिशातून सुरी काढली. पंख्यात अडकलेला कचरा कापून काढतात, ती नेहमीची रीत. तिने कापडाची कड बोटात धरली, अंगठ्याने काठ चोळून पाहिला, आणि सुरी परत खिशात ठेवली. प्रसन्नला काहीतरी म्हणाली.

“म्हणते, नवं कापड आहे. कापवत नाही. उलगडू.”

मग काम सुरू झालं. हारा-सान आकड्याने पीळ सैल करी. प्रसन्न पालथा पडून, हात लांब करून पंखा हाताने उलटा फिरवी. पण तो भलत्याच बाजूने फिरवतोय हे विद्याताईंना लांबूनसुद्धा दिसत होतं. त्यांच्या आजीने जन्मभर नऊवारी नेसली होती. ती कुठून सुटते हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

“अरे, तिकडून नाही. आधी कासोटा सोड.”

“आई, हा पंखा आहे.”

“असेना. नेसलाय ना? सोड कासोटा.”

त्या लाइफ जॅकेटसकट गुडघ्यांवर बसल्या आणि हात घातला. हारा-सानने त्यांना जागा करून दिली. एक शब्द समजत नसताना दोघींचं चांगलं जमलं. एक ओढी, दुसरी सोडी. एक मान हलवी, दुसरी थांबे. मधेच हारा-सान प्रसन्नच्या हातावर हलकी चापट मारी, म्हणजे विद्याताईंनाही तेच म्हणायचं असे. टोपीवाले गृहस्थ पक्षी सोडून यांचे फोटो काढू लागले. बदकं जवळ येऊन थांबली होती. तांदूळ पुन्हा सुटतील अशी त्यांना आशा असावी.

साडी निघाली. चार ठिकाणी ग्रीस, एका काठाला लहानसं भोक, बाकी शाबूत. हारा-सानने ती बाजूला ठेवली आणि पंख्याच्या मुळाशी बघत राहिली. मग तिने पक्कड मागितली. साडीच्या खाली, पंख्याच्या मागे, दांड्याभोवती गळाची नायलॉन दोरी गुंडाळलेली होती. कुणा मासे पकडणाऱ्याची, जुनी, काचेसारखी कडक झालेली. तिच्यात एक प्लॅस्टिकची पिशवी आणि शीतपेयाच्या डब्याचा चपटा पत्रा. ते काढायला साडीपेक्षा जास्त वेळ लागला. हारा-सान सावकाश बोलत होती आणि प्रसन्न मान हलवत होता.

“काय म्हणते?”

“ती दोरी आतलं रबर खात होती म्हणे. ते फाटलं की इंजिनात पाणी शिरतं. बाहेर मोठ्या नदीत, ओहोटीच्या ओढीत होडी बंद पडली असती. आज साडीमुळे थांबलो म्हणून दिसलं.” प्रसन्न थांबला. “ती तुझे आभार मानतेय.”

होडीत कचऱ्याच्या तीन पिशव्या टांगलेल्या होत्या. हारा-सानने दोरी एकीत टाकली, प्लॅस्टिक दुसरीत, पत्रा तिसरीत. मग ती साडी हातात घेऊन उभी राहिली. तिन्ही पिशव्यांकडे पाहिलं. साडी तिन्हीत बसत नव्हती. म्हणून तिने ती पिळली, काठाला काठ जुळवून नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी, मान लववून, विद्याताईंना परत दिली. तेवढ्यात टोपीवाल्यांनी होडीतल्या जाळीने नारळ काढला होता, तोही रुमालाने पुसून परत दिला.

विद्याताई मांडीवर ओली साडी आणि वर नारळ घेऊन बसून राहिल्या.

“चला, वाचलो,” प्रसन्न हळू आवाजात म्हणाला. “कुणी काही बोललं नाही. साडीपण मिळाली.”

“तिने घेतली नाही रे.”

“कुणी?”

“नदीने. परत केली.” विद्याताईंनी नारळ सावरला. “माझ्या हातचीच घेतली नसणार. तुझे बाबा गेल्यापासून ओटी भरायला मला वाईत कुणी बोलावत नाही. मी हसून सोडून देते. म्हटलं, जग काही का म्हणेना. पण हिला तरी चालेल असं वाटलं होतं. अस्मिताच्या हातून द्यायला हवी होती. आता ते बाळ इथे, तिच्या काठावर, आणि देणं तसंच.”

प्रसन्न हसला असता. महिन्यापूर्वी नक्की हसला असता. पण त्या दिवशी ऑपरेशनच्या दाराबाहेर तोही उभा होता. देवाचं नाव न घेणाऱ्या त्या माणसाने त्या अर्ध्या तासात कुणाकुणाला काय काय कबूल केलं होतं, ते त्याने अजून अस्मितालासुद्धा सांगितलं नव्हतं. तो आईशेजारी बसला. मग उठला, हारा-सानकडे गेला आणि सगळं खरं सांगून टाकलं. साडी वाऱ्याने उडाली नव्हती. बाळंतपण, बाक, नवस, नऊवारी, सगळं. जपानी भाषेत नवसाला नेमकं काय म्हणतात ते त्याला आठवेना, म्हणून तो म्हणाला, “आईने नदीशी करार केला होता.”

ऑफिसची भाषा होती, पण हारा-सानला अचूक समजली. तिने एकच विचारलं.

“बाळ कसं आहे?”

प्रसन्नने फोन काढला. मैत्रेयीचा जांभई देतानाचा फोटो होडीभर फिरला. जोडप्याने त्या दिवसातला सगळ्यात लांब ‘हो—’ तेव्हा काढला. मग हारा-सान विद्याताईंसमोर येऊन उकिडवी बसली आणि बोलू लागली. प्रसन्न मागून सांगत होता.

“म्हणते, आम्हीही देतो. नव्या वर्षाला पाण्याच्या देवाला साके ओततो. पण बाटली परत आणतो.”

विद्याताईंनी मान वर केली.

“बाटली परत आणता?”

“हो. बाटली धुऊन तिच्या वाराला ठेवतो.”

विद्याताई हारा-सानकडे बघत राहिल्या. ओल्या बाह्या, ग्रीसने काळी झालेली नखं, कमरेचा निळा एप्रन. आणि त्यांना वाईचा घाट आठवला. लहानपणी त्यांच्या आईने कृष्णामाईला सोडलेली साडी पुढच्या आठवड्यात होडीवाल्याच्या बायकोच्या अंगावर दिसायची. पाण्यातून आकड्याने काढायची ती, धुवायची आणि नेसायची. घाटावर सगळे बघत, आणि कुणी कधी ‘देवीची साडी नेसलीस कशी’ असं म्हटलं नाही. माई स्वतः कधी साडी नेसायला बाहेर आली नव्हती. नेसायची तिच्यावर पोट असलेली बाई. ओटी पोचायची ती तिथे.

“प्रसन्न,” त्या म्हणाल्या, “हिला विचार, हिचं आडनाव सोडून नाव काय.”

“आई, असं विचारत नाहीत इथे.”

“विचार.”

त्याने विचारलं. हारा-सान जरा लाजली. “फुमी.”

“उभी राहा, फुमीबाई,” विद्याताई मराठीत म्हणाल्या आणि स्वतः उठल्या. प्रसन्नला आता सगळं समजलं आणि तो कुजबुजला, “आई, एक मिनिट. मघाशी माईकवर म्हणाली ती, होडी तिच्या नवऱ्याची होती. ते वारले. म्हणजे तीपण...”

विद्याताई क्षणभर थांबल्या. होडीही दोराला हिसका देऊन थांबल्यासारखी झाली.

“नदीला कुणी विचारलंय का कधी,” त्या म्हणाल्या, “की बाई, तुमचे यजमान काय करतात?”

त्यांनी हारा-सानला खुणेने एप्रनचा पदर धरायला लावला. त्यात साडी ठेवली, वर नारळ. तांदूळ बदकांनी खाल्लेले होते. विद्याताईंनी पिशवीत हात घातला आणि कोंबिनीतले भाताचे ते दोन गोळे काढून, वेष्टनासकट, नारळाशेजारी ठेवले. तांदूळ ते तांदूळ, फक्त शिजवलेले होते आणि एकात लोणचं होतं. पुडीत उरलेलं कुंकू त्यांनी हारा-सानच्या कपाळी लावलं. मग ग्रीस लागलेल्या त्याच बोटाने हारा-सानने, काही न विचारता, त्यांच्या कपाळी लावलं. विद्याताईंच्या कपाळाला कुंकू लागून बरीच वर्षं झाली होती. त्यांनी ते पुसलं नाही. प्रसन्नने तोंड फिरवून पूल बघितला. म्हातारं जोडपं टाळ्या वाजवत होतं. टोपीवाल्यांचे फोटो बहुधा हललेले आले असावेत, कारण ते चष्मा पुसत होते.

पण दिलेल्या वस्तूच्या बदल्यात काही दिल्याशिवाय सोडायचं नाही, ही रीत दोन्ही देशांत आहे आणि दोन्हीकडे सारखीच कडक आहे. हारा-सान घाईने सुकाणूखालचा डबा उचकू लागली. त्यातून दोरखंड निघाला, बॅटरी निघाली, आणि शेवटी काळ्या समुद्रशेवाळाचा, नोरीचा, पुडा निघाला. तिने तो दोन्ही हातांनी दिला. विद्याताईंनी पुड्यातलं एक पान काढून मुलाला दाखवलं. “पाण्यातले पापड दिसतात. वाईला नेते. भाजून का तळून, विचार.”

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. हारा-सानने कान देऊन ऐकलं आणि पंख्याला उद्देशून समाधानाने काहीतरी म्हणाली. ते भाषांतर करायची कुणाला गरज वाटली नाही.

रविवारी हानेदा विमानतळाकडे जायला ते तोझाई लाइनच्या गाडीत बसले. अस्मिता बाळाला घेऊन स्टेशनपर्यंत आली होती आणि आजीने नातीला किती वेळा हातात घेतलं हे कुणी मोजलं नाही. उरायासू मागे पडलं आणि गाडी जुन्या एदो नदीवरच्या पुलावर चढली. विद्याताई दाराशी उभ्या होत्या.

“आई, बॅग सांभाळ,” प्रसन्न म्हणाला आणि मग तोही बघू लागला.

खाली, कालव्याच्या तोंडातून एक होडी नदीत येत होती. तिच्या उतारूंच्या डोक्यावर उन्हासाठी कापड ताणून बांधलं होतं. हिरवं. लाल काठाचं. वाऱ्याने ते फुगलं होतं, आणि वरून बघताना नदीने पदर नीट घ्यावा तसं दिसत होतं.

विद्याताईंनी डब्यातल्या डब्यात, काचेतून, नदीला हात जोडले आणि डोकं टेकवावं तशी मान खाली घातली. दारापलीकडे सूट घातलेले एक गृहस्थ उभे होते. हा नमस्कार आपल्यालाच आहे असं त्यांना वाटलं. कशाबद्दल ते त्यांना कळलं नसणार. पण त्यांनी बॅग खाली ठेवली, दोन्ही हात मांड्यांवर घेतले आणि तितकंच खाली वाकून तो स्वीकारला.

विद्याताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनाही एक वेगळा केला.